पुस्तक-क्रिकेटची लीग कोण जिंकणार?

मावळात पावसाने एकदा ठाण मांडलं की शिरगावच्या मुलांचं क्रिकेट घरातच! जवळच्या गहुंज्याच्या मोठ्या स्टेडियमवरही तेव्हा शांतता. मग काढा पुस्तक आणि भरवा चार संघांची लीग. पण आधी सांगा पाहू, जिंकणार कोण?

"आमच्याकडे विराट आहे!" असं म्हणाल तर फसाल. पुस्तक उघडून डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. २, ४, ६ म्हणजे तेवढ्या धावा, ८ ला एक धाव, ० ला आऊट. म्हणजे सरासरी पाचात एकदा विकेट आणि विकेटमागे १३ धावा. विराट काय नि बुमराह काय, पुस्तकाला दोघे सारखेच!

अमेरिकेतल्या हॅल रिचमन यांनी १९६१ साली फाशांचा बेसबॉल बाजारात आणला. त्यात खऱ्या कामगिरीवरून प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड असतं. त्यामुळे संघ पाहून अंदाज बांधता येतो.

तुम्हीही बुमराहला ० आणि ८ दोन्हींवर आऊट द्या. त्याची सरासरी १३ वरून थेट ६ वर येईल! आता लीगआधीच अंदाज वहीत लिहून ठेवा. आणि चुकला तरी खोडायचा नाही, बरं का!