साहेबांना फोन दाखवायचा का?

समजा, तुम्ही जर्मनीत नोकरी करताय आणि साल आहे 2020. सकाळी कामावर पोचताच साहेब म्हणतात, "कोरोना-वॉर्न-अ‍ॅप घेतलंय ना? जरा दाखवा बरं." तुम्ही काय कराल? व्हिसा नोकरीवर अवलंबून असताना आपल्यापैकी बरेच जण मुकाट्याने फोन पुढे करतील. पण अशी मागणी करणं योग्य होतं का? त्यासाठी आधी हे अ‍ॅप आतून कसं चालायचं ते पाहू.

रॉबर्ट कोख संस्थेने हे अ‍ॅप 16 जून 2020 रोजी आणलं. ते तयार केलं सॅप आणि डॉइचे टेलिकॉम यांनी. तुमचा फोन ब्लूटूथवरून एक सांकेतिक क्रमांक सतत प्रसारित करायचा आणि आसपासच्या फोनचे क्रमांक टिपून ठेवायचा. हा क्रमांक दर 10 ते 20 मिनिटांनी बदलायचा. त्यात ना नाव, ना ठिकाण. सिग्नल किती जोरकस आणि किती वेळ आला, यावरून अंतर आणि सहवासाचा अंदाज बांधला जाई. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याने संमती दिली, तरच त्याच्या फोनच्या गेल्या काही दिवसांच्या किल्ल्या सर्व्हरवर जात. बाकीचे फोन ती यादी उतरवून घेत आणि स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहत. जुळणी तुमच्याच फोनमध्ये होत असल्याने कोण कोणाला भेटलं हे सरकारलाही कळत नसे.

मात्र ही सगळी रचना सर्व्हरपासून तुमचं रक्षण करते, फोन हातात घेऊन बघणाऱ्या साहेबांपासून नाही! धोका जास्त असेल तर पडदा लाल व्हायचा आणि धोक्याची भेट कधी झाली तेही दिसायचं. त्या दिवशी प्रयोगशाळेत तुम्ही दोघंच असाल, तर दुसऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह आली असावी, हा तर्क कोणीही करेल. म्हणजे तुमच्याबरोबर त्याचीही गुप्तता गेली.

इथे तंत्रज्ञान थांबतं आणि नियम लागतात. जर्मनीत अ‍ॅपचा वापर ऐच्छिक होता. त्यासाठी वेगळा कायदा न करता सरकारने युरोपीय डेटा संरक्षण नियमांवर भिस्त ठेवली. या नियमांनुसार आरोग्याच्या माहितीला विशेष संरक्षण आहे आणि संमती मोकळेपणाने दिलेली असावी लागते. नोकरीत मालक आणि कर्मचारी समान पातळीवर नसतात, हेही जर्मन कायदा लक्षात घेतो. म्हणून खाजगी फोनवर अ‍ॅपची सक्ती करता येत नाही, असं बहुतेक कायदेतज्ज्ञांचं मत होतं. कंपनीच्या फोनबाबत मात्र मतभेद होते. शिवाय जिथे बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असते, तिथे नजर ठेवू शकेल असं तांत्रिक साधन आणताना तिची संमती लागते.

भारतात याच काळात चित्र वेगळं होतं. 1 मे 2020 च्या केंद्राच्या आदेशाने सरकारी आणि खाजगी अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू सक्तीचं केलं. 17 मेच्या आदेशात ती भाषा सौम्य झाली.

सक्तीने फायदा तरी किती? ब्लूटूथ माणसं मोजत नाही, फोन मोजतं. कंपनीचा फोन संध्याकाळी खणात ठेवून तुम्ही घरी गेलात, तर ट्राममधला सहवास त्याला कळणारच नाही. आणि लाल पडदा दाखवावा लागेल या धास्तीने लोक ब्लूटूथच बंद करू लागले, तर साखळी तुटते कुठे? लाल इशारा म्हणजे आजारपणाचा दाखला किंवा विलगीकरणाचा आदेशही नव्हता. डॉक्टरांना किंवा आरोग्य कार्यालयाला फोन करा, एवढाच त्याचा अर्थ.

30 एप्रिल 2023 पासून या अ‍ॅपचे इशारे थांबले. पण उद्या कामावर दुसरं एखादं अ‍ॅप येईल. तेव्हा तीन प्रश्न नक्की विचारा: माहिती कुठे साठते? निकाल कोण पाहतं? आणि मी नाही म्हटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असेल, तरच तुमची संमती खरी.