माहेरचं पाणी, सासरची पालिका

माझं माहेर सातारा, सासर सांगली. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. वहिनी म्हणते, "वन्सं, कोयनेचे दरवाजे उघडलेत म्हणे. गहू-तांदूळ माळ्यावर टाका बरं." साताऱ्यात पडलेला पाऊस सांगलीत पाणी होऊन दारात येतो, हे आम्हाला कुणी भूगोलाच्या तासाला शिकवावं लागलं नाही!

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते. माहुलीला तिला वेण्णा भेटते, कऱ्हाडला कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. एवढ्या सगळ्या जणी एकत्र आल्या की सांगलीच्या सखल भागाचं काय होणार? एकेकाळी जिल्हाही एकच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली हे नाव मिळालं. कागदावर सरहद्द आली. नदीला ती कोण सांगणार?

साताऱ्याचं दुखणं वेगळं आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं हे गाव. पूर घरात येत नाही, पण पाणी चढवायचं म्हणजे खर्च. जुन्या लोकांनी म्हणूनच कासच्या तलावाचं पाणी उताराने गावात आणलं. नगरपालिकाही जुनी, १८५३ ची. मात्र गाव हद्दीबाहेर कधीच वाढलं होतं. शाहूपुरी, विलासपूर दिसायला साताराच, कारभार ग्रामपंचायतीचा. २०२० मध्ये हा भाग पालिकेत आला.

आता मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट माझ्या मनात सलते. ग्रामपंचायत असते तेव्हा ग्रामसभा असते, आणि तिच्या आधी बायकांची वेगळी महिला ग्रामसभा घ्यायची असा कायदा आहे. ती नीट होते की सह्या घरोघरी फिरवून उरकली जाते, हा भाग वेगळा. पण उभं राहून "आमच्या गल्लीत दिवा नाही" म्हणायची एक हक्काची जागा असते. गाव शहरात गेलं की ती जागा जाते. घरपट्टीची चर्चा महिनोन् महिने होते, रस्त्यांची होते, या जागेची होत नाही. शहरी बाईने मग जायचं कुठे? नगरसेवकाच्या घरी. तिथे आधी चहा, मग "साहेब बाहेर गेलेत".

आणि नगरसेविका असली तर? निम्म्या जागा बायकांना, हा कायदा महाराष्ट्रात २०११ ला आला. त्याआधी एकतृतीयांश होत्या. २०१६ ला साताऱ्याने माधवी कदम यांना थेट नगराध्यक्षपदी निवडून दिलं. २०१८ नंतर सांगलीत संगीता खोत आणि गीता सुतार महापौर झाल्या. दारावरची पाटी बाईची आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात, असं मीही पाहिलंय. पण फाईल कुठे अडली हे तोंडपाठ असणाऱ्या, मुकादमाला नावानिशी झापणाऱ्या बायकाही पाहिल्यात. पहिल्या प्रकारावर विनोद खूप होतात. दुसऱ्यांची बातमी होत नाही.

सांगलीचा संसार तर तिघींचा. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. सांगली हळदीची, मिरज रेल्वेची आणि तंतुवाद्यांची, कुपवाड कारखान्यांचं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. २०१८ च्या निवडणुकीत २० प्रभाग आणि ७८ नगरसेवक होते; म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. गटार तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा? एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. आणि निधी आला की मिरजकर म्हणणार सांगलीने पळवला, कुपवाडकर म्हणणार आम्हाला काहीच नाही. तिकडे डेन्मार्कमध्येही २००७ साली असंच जोडकाम झालं, २७१ पालिकांच्या ९८ केल्या. पण तिथे बालवाडीपासून म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीपर्यंत बरंचसं पालिकेच्याच हातात असतं. आपल्याकडे ते काम कुणाच्या हातात असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुराच्या वेळी मात्र पालिका कुठे संपते आणि सरकार कुठे सुरू होतं, हे माहीत असलेलं बरं. धरणातून पाणी सोडायचं ते जलसंपदा विभाग ठरवतो. जिल्ह्याची सूत्रं कलेक्टर ऑफिसकडे. घरं रिकामी करा म्हणून सांगणं, निवाऱ्याची सोय आणि नंतरचा गाळ, हे पालिकेकडे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांपर्यंत गेलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, सगळं पाण्यात. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली नाव उलटली. ते नाव घेतलं की अजून बोलणं थांबतं.

नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या-लालच्या मध्ये अटी. जागा कुठल्या रेषेत येते, हे नगररचना विभागात विचारता येतं. विचारतं कोण? दागिना घेताना आपण चार दुकानं फिरतो. घर घेताना "हे बघतील" म्हणून गप्प बसतो.

माझ्या नणंदेची जाऊ मात्र गप्प बसली नाही. बिल्डर म्हणाला, "वहिनी, इथं पाणी कधी आलंच नाही." तिने मान हलवली आणि परत येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाव किलो शेंगदाणे घेतले. घेता घेता विचारलं, एकोणीसला पाणी कुठवर होतं हो? दुकानदाराने हात वर करून बरण्यांची फळी दाखवली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती नगररचना विभागात नकाशा बघायला गेली. फ्लॅट त्यांनी अजून घेतलेला नाही.