लोखंडी डिश ते अलॉय: वऱ्हाडातल्या चाकांचा मागोवा

नव्वदच्या दशकात अमरावती-अकोला रस्त्यावर धावणाऱ्या मारुती 800, अॅम्बेसेडर आणि महिंद्राच्या जीपांची चाकं म्हणजे चंदेरी रंग मारलेल्या लोखंडी डिशा. मूर्तिजापूर नाहीतर बोरगाव मंजूजवळ खड्ड्यात डिश वाकली, तर पंक्चरवाला हातोड्याने ठोकून सरळ करून द्यायचा. गंज चढला की घासून पुन्हा रंग. दसऱ्याला धुऊन झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं की वर्षाची निगा झाली.

पुढे मोटारसायकलींना 'मॅग व्हील' सर्रास दिसू लागली आणि मग मोटारींच्या वरच्या मॉडेलला कंपनीतूनच अलॉय येऊ लागले. आज पुण्याजवळ शिक्रापूरला एनकेई या कंपनीच्या कारखान्यातही ते तयार होतात. अलॉय हे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक. दिसायला देखणं आणि गंज न लागणारं. 'गंज नाही, म्हणजे काळजी नाही' असा समज इथूनच पसरला. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला लागत नाही हे खरं, पण अॅल्युमिनियमही झिजतं, आणि त्याला जपणारा पारदर्शक लॅकरचा थर फार पातळ असतो. शिवाय ओतीव चाक हातोड्याला जुमानत नाही, तडकतं.

अलॉय आले त्या काळात आपला अमरावती-अकोला महामार्गही चाकांचा वैरीच होता. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं होतं. जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. खड्ड्यात अलॉय तडकण्याची धास्ती बरीच कमी झाली. तरी चाकं निस्तेज होतातच, आणि माझ्या मते त्याचं कारण आता रस्त्यात नाही, धुण्यात आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. दर्यापूरकडचं बोअरचं पाणी गाडीवर मारून उन्हात सुकू दिलं, की चाकावर पांढऱ्या टिकल्या उमटतात. ते क्षार. मेमध्ये पारा 45 च्या वरही जातो, ब्रेकने चाक आधीच तापलेलं असतं. पाणी उडून जातं, मीठ धातूवर राहतं. दगड उडून लॅकरचा टवका निघाला असेल, तर तिथून क्लोराइड आत शिरतं आणि लॅकरखाली पांढरट, अळीसारखी नागमोडी रेघ सरकू लागते. डायमंड कट चाकांवर ती लवकर दिसते. एकदा ती धरली, की धुऊन जात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. "भाऊ, आसिड मारून देऊ का? चकाचक होऊन जाईन," असं वॉशिंग सेंटरवर किती सहज विचारतात! त्या दिवशी चाक खरंच उजळतं. पण जोरकस अॅसिड लॅकर पांढुरकं करतं आणि खालच्या अॅल्युमिनियमचा नैसर्गिक ऑक्साइडचा पापुद्राही खातं. कॉस्टिकचंही तेच. ज्या काळपट थरासाठी हे करतात तो मुख्यतः ब्रेकची धूळ असतो: पॅडचा आणि डिस्कच्या बिडाचा तापलेला भुगा. चिखलदऱ्याचा घाट उतरून आलेल्या गाडीची पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी असतात, कारण ब्रेकचा जास्त भार पुढे पडतो. साचू दिली नाही तर ही धूळ साध्या कार शॅम्पूने निघते. चिकटून बसलीच, तर लोह विरघळवणारं, आम्ल-अल्कली नसलेलं क्लीनर मिळतं. लोखंडावर पडलं की ते जांभळं होतं, काम कुठे चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. शेतरस्त्याची काळी चिकण माती चाकाच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून विटेसारखी होते. मग ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. माणूस बॅलन्सिंगचे पैसे भरतो, माती मात्र आत तशीच! आधी आतून धुवा. बरेचदा थरथर तिथेच थांबते.

घरी धुणं अवघड नाही. चाक हाताला गार लागेपर्यंत गाडी सावलीत थांबवा. पाणी नळाचं घ्या, म्हणजे अमरावतीत अप्पर वर्ध्याचं, अकोल्यात काटेपूर्णेचं. अकोल्यात रोज नळ येत नाही, म्हणून दोन बादल्या राखून ठेवा. चार चाकांना तेवढ्या पुरतात. चाकांचा स्पंज आणि बॉडीचा स्पंज वेगळा. आरे आणि नटांच्या खाचा मऊ ब्रशने, तारेच्या घासणीने कधीच नाही. शेवटी जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने कोरडं पुसायचं. इथेच बहुतेक जण कंटाळा करतात. वर व्हील सीलंटचा हात फिरवला तर धूळ सहज चिकटत नाही. साधं मेण ब्रेकच्या उष्णतेपुढे फार टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग टिकतं, पण ते नव्या, निर्दोष चाकावरच करावं. खाली सुरू झालेली झीज ते थांबवत नाही.

दसऱ्याआधी वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात आणि घाईत अॅसिडची बाटली हमखास निघते. गाडी रॅम्पवर चढण्याआधीच सांगा: चाकांना अॅसिड नको, फक्त शॅम्पू.