हस्तलिखितसंग्रहाचें संकेतस्थळ : आरंभ व निर्वाह

१. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणें हें संग्राहकाचें अर्धेंच काम होय. संग्रहांत काय आहे हें इतर अभ्यासकांस कळविणें हें उरलेलें अर्धें. हें दुसरें काम झालें नाहीं तर पहिल्याचें फल बहुधा संग्राहकाच्या आयुष्यापलीकडे टिकत नाहीं. वांटण्या होतात, वाडा विकला जातो, माळ्यावरील दप्तरें रद्दीच्या दुकानांत जातात, आणि काय गेलें हें सांगणारी यादीहि मागें राहत नाहीं. हें ओळखूनच इ. स. १८७८ मध्यें ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक निघालें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. व १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. या सर्व उद्योगांचें साधन छापखाना हें होतें. छपाईस पैसा लागे, म्हणून निवडक तेवढेंच छापलें जाई व बाकीचें दप्तरांतच राही.

आज संकेतस्थळ, ज्यास लोकव्यवहारांत वेबसाइट म्हणतात, हें एकट्यादुकट्या संग्राहकाच्याहि आटोक्यांतील साधन झालें आहे. तें कसें उभारावें याची माहिती प्रस्तुत लेखांत द्यावयाची आहे. परंतु उभारण्यापेक्षां टिकविणें अवघड आहे, याकडे वाचकांनीं आरंभापासूनच लक्ष ठेवावें.

२. संकेतस्थळाची कल्पना मुळांत दप्तरखान्याच्या अडचणींतून निघाली. जिनीव्हानजीकच्या ‘सर्न’ या पदार्थविज्ञानसंस्थेंत अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत-जात. त्यांचीं टिपणें व कागदपत्रें निरनिराळ्या संगणकांवर पडून राहत. तीं एकमेकांस जोडून कोणासहि कोठूनहि वाचतां यावींत अशी योजना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें मांडली, व १९९३ मध्यें सर्ननें ती सर्वांस विनामूल्य खुली केली. आपल्याकडे सामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून.

कोणत्याहि संकेतस्थळाचीं अंगें तीन : नांव, जागा आणि पानें. नांव म्हणजे घराचा पत्ता, जागा म्हणजे घर, आणि पानें म्हणजे घरांतील वस्तु. हीं तिन्ही निरनिराळ्या ठिकाणांहून घेतां येतात, व तशीं घेणेंच शहाणपणाचें. कारण पत्ता आपला असला म्हणजे घर केव्हांहि बदलतां येतें.

३. नांव. यास डोमेन म्हणतात. तें कायमचें विकत मिळत नाहीं. वर्षाच्या मुदतीनें, एका वेळीं जास्तींत जास्त दहा वर्षांपर्यंत, नोंदवून मिळतें. मुदत संपल्यावर कांहीं दिवस सवलतीचे मिळतात. तेवढ्यांत पैसे भरले नाहींत तर तेंच नांव कोणासहि घेतां येतें, व संशोधकांनीं आपल्या ग्रंथांत दिलेला पत्ता भलत्याच दुकानाच्या दारीं नेऊन सोडतो. नोंदणी करतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, नांव संग्राहकाच्या किंवा त्याच्या संस्थेच्या नांवावर असावें. पानें तयार करून देणाऱ्या तरुणाच्या किंवा व्यावसायिकाच्या नांवावर नसावें. दुसरी, पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलूं नये. दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारावा. तिसरी, नांव आंखूड, उच्चारावयास सोपें व रोमन अक्षरांत एकाच रीतीनें लिहिलें जाईल असें असावें. २०१४ पासून देवनागरींतील ‘डॉट भारत’ ही नामखूणहि मिळूं लागली आहे. ती जरूर घ्यावी. परंतु परदेशच्या ग्रंथालयांत देवनागरी टंकलेखनाची सोय असेलच असें नाहीं, म्हणून तिच्या जोडीस एक रोमन नांव ठेवावें.

४. जागा. पानें ज्या संगणकावर राहतात त्यास सर्व्हर म्हणतात, व त्यावरील जागा भाड्यानें देण्याच्या व्यवहारास होस्टिंग. घरचाच संगणक यासाठीं वापरतां येणार नाहीं काय, असा प्रश्न सहज सुचतो. वापरतां येतो; पण तो अहोरात्र चालू राहिला पाहिजे, वीज गेली कीं संकेतस्थळहि जातें, आणि घरगुती जोडणीस मिळणारा आंकडी पत्ता बहुधा वरचेवर बदलतो. यास्तव आरंभीं जागा भाड्यानेंच घ्यावी. केवळ साधीं, स्थिर पानें ठेवण्यास विनामूल्य जागा देणाऱ्या सेवाहि आहेत; ‘गिटहब पेजेस’ ही त्यांपैकीं एक होय. जागा फुकटची असो वा भाड्याची, नांव मात्र स्वतःचें असावें. ‘जिओसिटीज’ या फुकट जागेवर जगभरच्या असंख्य लोकांनीं आपलीं पानें मांडलीं होतीं. ‘याहू’ कंपनीनें ती ऑक्टोबर २००९ मध्यें बंद केली, तेव्हां ते सारे पत्ते एकदम निरुपयोगी झाले.

जागा घेतांना सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्र मिळतें कीं नाहीं हें विचारून घ्यावें. तें आतां विनामूल्य मिळतें. नसल्यास ब्राउझर वाचकास धोक्याची सूचना दाखवितो व भला वाचक दारांतूनच परततो.

५. पानें. पानें ज्या खुणांनीं लिहितात त्या पद्धतीस एचटीएमएल म्हणतात. तिला भिण्याचें कारण नाहीं. पोथींत अध्यायाची समाप्ति व वक्त्याचें नांव तांबड्या शाईनें लिहून लेखक वाचकास जी खूण देतो, तसाच हा प्रकार आहे : हें शीर्षक, हा परिच्छेद, हें चित्र, येथून अमुक पानाकडे जावें, एवढेंच त्या खुणा सांगतात. पंधरावीस खुणा शिकल्या कीं पोथ्यांची यादी मांडण्याइतकें ज्ञान होतें. ‘वर्डप्रेस’सारख्या तयार व्यवस्थेंत या खुणा न शिकतांहि काम भागतें, परंतु ती व्यवस्था वेळोवेळीं अद्ययावत् करावी लागते, न केल्यास तिच्यांतील उणिवांतून उपद्रवी लोक आंत शिरतात. ज्यास दरमहा लक्ष घालणें शक्य नाहीं त्यानें साधीं पानेंच पत्करावीं. तीं दहा वर्षें कोणी हात लावला नाहीं तरी जशींच्या तशीं उघडतात.

आरंभ दहा पोथ्यांपासून करावा. मुखपृष्ठावर संग्रहाचा थोडक्यांत इतिहास व पत्रव्यवहाराची सोय द्यावी. दुसऱ्या पानावर यादी. आणि प्रत्येक पोथीस स्वतंत्र पान. त्या पानावर ग्रंथनाम, कर्ता, लेखक, लेखनकाल, लिपि, पत्रसंख्या, पत्राची लांबीरुंदी, दर पृष्ठावरील ओळी, आद्य व अंत्य वचनें, पुष्पिका, त्रुटित पत्रें, आणि पोथी कोणत्या घराण्याच्या संग्रहांतून आली, इतकें असावें. लेखनकाल शक व संवत्सर यांसह पोथींत आहे तसाच द्यावा, व इसवी सन त्याखालीं वेगळा मांडावा. पानाचा पत्ता पोथीच्या अनुक्रमांकावरूनच करावा आणि तो एकदां ठरल्यावर कधींहि बदलूं नये. कारण ग्रंथांच्या टीपांतून उद्धृत होणार तो हाच. नोंदींत पुढें चूक आढळल्यास गुपचूप हरताळ फासूं नये; दुरुस्ती कोणत्या तारखेस केली तें खालीं लिहावें.

६. अक्षरें. १९९५ नंतरच्या दशकांत मराठी पानें ज्या अक्षरसंचांनीं लिहीत, त्यांत प्रत्येक उत्पादकाची सांकेतिक रीत निराळी असे. तो विशिष्ट संच वाचकाच्या संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक भेळ दिसते. त्या काळचें पुष्कळ लेखन आज असेंच दुर्वाच्य झालें आहे. यावर युनिकोड हाच उपाय. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास जगभर एकच क्रमांक आहे. २०१४ पासून मोडी लिपीसहि त्यांत स्वतंत्र स्थान मिळालें. तरी मोडीचे अक्षरसंच अजून थोड्यांजवळच आहेत, म्हणून मोडी पत्राची प्रतिमा व तिच्याखालीं बाळबोध वाचन, असा क्रम ठेवावा. नुसती प्रतिमा शोधयंत्रास वाचतां येईलच असा भरंवसा नाहीं, मोडीची तर मुळींच नाहीं. बाळबोध वाचनांतील गांवांचीं व माणसांचीं नांवें मात्र शोधणाऱ्यास सांपडतात.

७. प्रतिमा. दहा इंच लांब व पांच इंच रुंद पत्र इंचास चारशें बिंदु या मानानें स्कॅन केलें तर चार हजार गुणिले दोन हजार, म्हणजे ऐंशीं लक्ष बिंदु होतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले कीं एका पृष्ठाची मूळ प्रतिमा सुमारें २४ एमबीची होते. शंभर पत्रांच्या पोथीचीं पृष्ठें दोनशें. त्यांस ४·८ जीबी जागा लागेल. इतका भार संकेतस्थळावर घालूं नये. मूळ प्रतिमा ‘टिफ’ स्वरूपांत घरीं जपाव्या, व संकेतस्थळावर त्यांच्या ‘जेपेग’ स्वरूपांतील लहान प्रति ठेवाव्या; अशी प्रत अर्ध्या एमबीची धरल्यास तीच पोथी १०० एमबींत मावते.

मूळ प्रतिमांच्या तीन प्रति असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांपैकीं एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. ऑगस्ट २०१९ च्या पुरांत गोदावरीचें पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलें, हें नाशिककरांच्या स्मरणांत असेलच. नदीकांठच्या वाड्यांत पोथी व तिची प्रतिमा एकाच कपाटांत ठेवणें म्हणजे प्रतिमा न घेण्यासारखेंच होय.

८. अधिकार. दोनअडीचशें वर्षांपूर्वींच्या पोथीच्या कर्त्याचा हक्क आडवा येत नाहीं. परंतु पोथी दुसऱ्याच्या मालकीची असल्यास त्याची लेखी संमति घ्यावी. आधुनिक संपादकांच्या प्रस्तावना व टीपा सरसकट उतरूं नयेत. १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या लेखनावर हक्क राहतो. चित्रित व मौल्यवान पोथी कोणत्या घरीं आहे हें मात्र संकेतस्थळावर लिहूं नये.

९. निर्वाह. आतां मुख्य मुद्दा. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. लेणें संघास देऊन तो थांबला नाहीं. त्यानें तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी केली व ती गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविली : दोन हजार शेंकडा एक या दरानें, एक हजार शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच भोगावयाचें. लेण्यांत राहणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावे असें तो सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे दोनशें चाळीस. आणि दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक दरानें वर्षाचें व्याजहि नेमकें तेवढेंच. दात्यानें आधीं वार्षिक खर्च ठरविला व त्यास पुरेल एवढें मुद्दल बाजूस काढलें. शिवाय हा व्यवहार निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविला.

संकेतस्थळाच्या मालकानें हेंच गणित करावें. नांव व जागा मिळून वर्षाचा खर्च समजा तीन हजार रुपये आहे. शेंकडा सहा व्याजानें त्यास पन्नास हजारांचें मुद्दल लागेल. दर वाढतात म्हणून थोडें अधिक धरावें. तें मुद्दल व त्याबरोबर नांवाची मालकी एखाद्या संस्थेकडे किंवा विश्वासू शिष्याकडे लेखी सोपवावी. नांव कोठें नोंदविलें, जागा कोणाची, मुदत केव्हां संपते, परवलीचे शब्द कोठें ठेविले आहेत, याचें एक टिपण कागदावर करून घरच्या माणसांस दाखवावें. संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत संशोधनसंस्थेस द्यावी, व ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संग्रहांत आपलीं पानें उतरलीं आहेत कीं नाहींत हें पाहून घ्यावें.

उषवदाताच्या श्रेणी गेल्या, व्याज केव्हांच बंद झालें; तरी लेख दगडांत असल्यामुळें आपण तो आजहि वाचतों. संकेतस्थळास दगड नाहीं. तेथें व्याज थांबलें कीं लेखहि जातो. म्हणून ज्यांच्याजवळ पोथ्या आहेत त्यांनीं दहा पोथ्यांच्या नोंदींनीं आरंभ अवश्य करावा. पण पहिलें पान लिहिण्यापूर्वीं आपल्यामागें मुदतीचे पैसे कोण भरणार, याचें उत्तर कागदावर लिहून ठेवावें, अशी सर्व संग्राहकांस विनंति आहे.