पाणी चढायच्या आधी भिंतीवरचे फोटो स्कॅन करून घ्या



2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा आपण जाळी, जनावरं, कागदपत्रं हलवली. भिंतीवरचे फोटो मात्र बऱ्याच घरांत तसेच राहिले. आजोबांचा एकुलता एक फोटो काचेला चिकटलेला, अशा फ्रेमा अजून संस्थेत येतात.

चिकटलेला फोटो ओढून काढू नका. चेहरा काचेवरच राहतो. काच पुसून काचेसकट स्कॅन करायचा.

आता मोठ्या फ्रेमचं. फोटो मोठा करताना फाटतो, म्हणजे डाग-डाग दिसतो, त्याला दुकानदाराचा प्रिंटर नव्हे, आपलं स्कॅनिंग जबाबदार असतं. चांगल्या प्रिंटला एका इंचात 300 ठिपके लागतात. म्हणजे 8 बाय 12 इंची फ्रेमला 2400 बाय 3600 ठिपके. घरातला जुना फोटो 2 बाय 3 इंची असला आणि 300 डीपीआयवर स्कॅन केला, तर मिळतात फक्त 600 बाय 900. चौपट मोठा करायचा तर स्कॅनही चौपट, 1200 डीपीआयवर. नंतर कॉम्प्युटरवर आकडा वाढवला तर फाईल फुगते, नाकडोळे काही नवीन उमटत नाहीत. पासपोर्ट फोटो 1200 वर स्कॅन केला तर 5 बाय 7 पर्यंत चांगला निघतो. ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा मात्र भिंतीएवढा होणार नाही, तो हट्ट सोडा.

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, पिवळे डाग काढायला सोपं जातं. साईज बदलताना लांबी-रुंदीचं प्रमाण लॉक ठेवा, नाहीतर सडपातळ आजी जाड होते! आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मृग लागायच्या आधी फोटो कार्यालयात घेऊन या, स्कॅन करून लगेच परत देऊ. मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव-गाव लिहा. फाईलची एक प्रत नदीपासून लांब राहणाऱ्या पाहुण्यांकडं ठेवायला द्या.

– सचिव