अंगणात एकच झाड, पण विचारपूर्वक

पोटाला चिमटा घेऊन आपल्यापैकी अनेकांनी पनवेल परिसरात दोन खोल्यांचे घर बांधले. पुढे वीस-एक फुटांचे अंगण उरले. तिथे दहा रोपांची दाटी करण्यापेक्षा, दारात शिरताच नजर ठरेल असे एकच झाड लावावे. मात्र निवड चुकली तर काय होते, ते मी अनुभवले आहे.

घर झाल्यावर श्रद्धेपोटी मी कुंपणाच्या भिंतीलगत पिंपळ लावला. दुसऱ्याच पावसाळ्यात मुळे भिंतीत शिरली, तडा गेला. शेजारी म्हणाले, तोडून टाका. पण ज्या झाडाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली, त्यावर कुऱ्हाड कशी चालवायची? अखेर सौ.ने मार्ग सुचविला. मुळांच्या मातीसह झाड उचलून आम्ही विहाराच्या पटांगणात लावले. तिथे ते जोमाने वाढले. पिंपळाची जागा अशा मोकळ्या मैदानात. सम्राट अशोकानेही वड लावले ते रस्त्याच्या कडेला, माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून, असे त्याचा स्तंभलेख सांगतो.

मग अंगणात काय लावावे? पहिली पसंती ताम्हण. हे महाराष्ट्राचे राज्यफूल. मूळचे ओढ्या-नदीकाठचे झाड असल्याने कोकणचा पाऊस त्याला मानवतो. उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी ते बहरते. भरपूर ऊन असेल आणि पाणी साचत नसेल तर बहावा लावावा. त्याचे पिवळे घोस वैशाखात डोळ्यांचे पारणे फेडतात. मात्र त्याच्या शेंगांतील गर जुलाब करतो, तेव्हा लहान मुलांना जपावे. अंगणात थोडी सावली असेल तर सीताअशोक. तो सावकाश वाढतो, पण सदाहरित असतो. रोपवाटिकेत नीट पाहून घ्यावे. सरळसोट वाढणारा, अशोक म्हणूनच विकला जाणारा हिरवा खांब तो हा नव्हे. गुलमोहर टाळावा, मुळे उथळ, फांद्या ठिसूळ, वादळात घरावर येण्याची भीती.

घरापासून किमान १० फूट अंतर ठेवून, वर विजेची तार नाही हे पाहून, दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. शेणखत घालून पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे.

शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणून विचार लावतानाच करावा. आणि पहिला तांब्याभर पाणी मुलांच्या हातून घालावे. झाड त्यांच्याबरोबरच मोठे होणार आहे.