शाळेच्या रंगमंचावरून रुपेरी पडद्यावर

मुलास नाटकाचा नाद लागला, म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. अभ्यास बुडेल, संगत बिघडेल, पुढें पोटाची सोय काय, ह्या शंका अगदींच अनाठायीं असतात असें नाहीं. परंतु एका इंग्रज धर्मोपदेशकानें आपल्या धाकट्या मुलास आपण होऊन नटाच्या धंद्यास लावलें, आणि तोच मुलगा पुढें आपल्या काळांतील अग्रगण्य नट म्हणून जगद्विख्यात झाला. लॉरेन्स ऑलिव्हिए ह्या नटाची ही हकीकत वाचकांस विचारार्ह वाटेल.

लॉरेन्सचा जन्म २२ मे १९०७ रोजीं इंग्लंडांतील डॉर्किंग ह्या गांवीं झाला. वडील जेरार्ड ऑलिव्हिए हे प्रथम शाळामास्तर होते. मागाहून त्यांनीं चर्चची दीक्षा घेतली. स्वभाव करडा, हात आखडता. काटकसर इतकी, कीं स्नानाचें एकच ऊन पाणी बापलेकांनीं पाळीपाळीनें वापरावें. मुलाचा सारा जीव आईवर. पण ती १९२० सालीं निवर्तली. तेव्हां लॉरेन्स अवघा बारा वर्षांचा होता.

तत्पूर्वींच, १९१६ सालीं, त्यास लंडनमधील ऑल सेंट्स चर्चच्या गायकशाळेंत घातलें होतें. मुलें थोडीं, उपासनेच्या वेळीं गावयाचें हें त्यांचें मुख्य काम. तेथील फादर जेफ्री हील्ड ह्यांस नाटकाची उत्तम जाण होती. १९१७ सालीं त्यांनीं मुलांकडून शेक्सपिअरचें ‘ज्यूलियस सीझर’ बसवून घेतलें. दहा वर्षांचा लॉरेन्स त्यांत ब्रूटस झाला. प्रेक्षकांत त्या काळची थोर नटी एलन टेरी बसली होती. हा चिमुकला ब्रूटस आजच मोठा नट आहे, अशा आशयाची नोंद तिनें आपल्या रोजनिशींत केली. पुढें १९२२ सालीं शेक्सपिअरच्या जन्मगांवीं, स्ट्रॅटफर्ड येथें, ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ ह्या नाटकांत त्यानें मानी व तापट नायिकेची भूमिका केली. शेक्सपिअरच्या काळीं स्त्रीभूमिका मुलगेच करीत असत, तीच ही परंपरा.

भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. ह्यांपैकीं वाचिक अभिनयाचा पाया ह्या गायकशाळेंतच घातला गेला. नित्याच्या गायनानें श्वासावर ताबा येतो, शब्द स्वच्छ उमटतो, पाठांतर पक्कें होतें. नाटक वर्षांतून एखादें, परंतु त्याची तयारी रोजची होती.

ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स शाळेंत शिक्षण चालू असतां खरा प्रसंग आला. थोरला भाऊ हिंदुस्थानांत मळ्यावरील नोकरीसाठीं निघून गेला. आपणही त्याच्या मागोमाग केव्हां जावें, असें लॉरेन्सनें वडिलांस विचारलें. हा वेडेपणा सोड, तुला नाटकांतच जावयाचें आहे, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. मुलगा थक्क झाला. आपल्या नाटकाकडे वडिलांचें फारसें लक्ष आहे, अशी त्यास कल्पनाही नव्हती. मात्र परवानगीस एक अट होती: नाट्यशिक्षणासाठीं शिष्यवृत्ती मिळवावी, आणि शिवाय खर्चापुरतें वार्षिक साहाय्यही. न मिळाल्यास विचार सोडून द्यावा.

१९२४ सालीं तो एल्सी फोगर्टी ह्या विदुषीच्या संस्थेंत परीक्षा देण्यास गेला. बाईंनीं त्याच्या कपाळापासून नाकाच्या मुळापर्यंत बोट ओढलें, आणि येथें कांहीं उणीव आहे असें सुनावलें. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली; पण तो शब्द जन्मभर मनांत राहिला. पुढें खोटीं नाकें लावून नवनवे चेहरे धारण करण्याची त्यास जी हौस जडली, तिचें मूळ ह्याच प्रसंगांत होतें. ज्यास आपले शास्त्रकार आहार्य अभिनय म्हणतात, तो एका उणिवेंतून असा उपजला!

१९२६ सालीं तो बर्मिंगहॅमच्या नाटकमंडळींत शिरला. तेथें लहानमोठीं कामें करीत हात बसला. परंतु मार्ग सरळ नव्हता. १९२८ च्या अखेरीस ‘जर्नीज एंड’ ह्या युद्धविषयक नाटकाच्या पहिल्या प्रयोगांत त्याची प्रमुख भूमिका होती. ती सोडून तो दुसऱ्या भपकेदार नाटकाकडे वळला. तें नाटक लवकरच पडलें, आणि सोडलेलें नाटक मात्र अपार गाजलें. १९३० सालीं तो प्रथम पडद्यावर आला. १९३१ मध्यें हॉलीवूडला गेला. १९३३ सालीं ग्रेटा गार्बोच्या ‘क्वीन क्रिस्तिना’ चित्रपटांतील नायकाची भूमिका मिळाली, आणि गार्बोस तो पसंत न पडल्यामुळें हातची गेलीही.

चित्रपटाविषयीं त्याच्या मनांत तुच्छताच होती. रंगभूमीवर शब्द शेवटच्या रांगेंतील श्रोत्यापर्यंत पोंचवावा लागतो. कॅमेरा मात्र नटाच्या अगदीं तोंडाशीं उभा असतो. भिवईची हालचालही तो शतपट मोठी करून दाखवितो. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘वुदरिंग हाइट्स’च्या वेळीं दिग्दर्शक विल्यम वायलर ह्यानें त्याचा भडक अभिनय पुनःपुन्हां थांबविला. प्रथम भांडणें झालीं. मग डोळे उघडले. चित्रपटास मान देण्यास वायलरनेंच शिकविलें, हें ऋण ऑलिव्हिएनें पुढें मोकळेपणें मान्य केलें. आंतला भाव खरा असल्याखेरीज कॅमेरा फसत नाहीं. हीच सात्त्विक अभिनयाची कसोटी.

ह्या दोन्ही विद्यांचा संगम १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ ह्या रंगीत चित्रपटांत झाला. त्यांत नायक व दिग्दर्शक तो स्वतःच. राजाचें भाषण चढूं लागलें, कीं कॅमेरा जवळ नेण्याची रूढी त्यानें मोडली. उलट आवाज वाढेल तसतसा कॅमेरा मागें नेला, व मोठ्या स्वरास मोठें अवकाश दिलें. शाळेंत कमावलेला कंठ पडद्यावर असा शोभून दिसला. १९४७ सालीं ते ‘सर’ झाले. १९४८ च्या ‘हॅम्लेट’नें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळविलें, अमेरिकेबाहेरील चित्रपटास हा मान प्रथमच लाभला. सर्वोत्कृष्ट नटाचें पारितोषिकही त्यांसच मिळालें. १९६३ मध्यें इंग्लंडच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेचे ते पहिले संचालक झाले. ११ जुलै १९८९ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

एलन टेरीची पारख थोर खरी, पण तिच्यानंतर सत्तावीस वर्षांची मेहनत आहे. आणि त्या करड्या धर्मोपदेशकाची पारख मला त्याहून मोलाची वाटते. त्यानें मुलाची वाहवा केली नाहीं, वाटही अडविली नाहीं. मुलाचा कल त्यानें मुकाट्यानें ओळखला. आणि त्या कलास कष्टांची जोड आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं एक अवघड अट घातली. ज्या घरांत मुलांच्या भवितव्याची चर्चा चालू असेल, त्या घरांतील वडिलांनीं ह्या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानांत ठेवाव्या.